जुना कॅमेरा आणि नवें कार्ड

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. माळ्यावरील सामान उतरवतांना तिच्या हातीं माझा एक जुना डिजिटल कॅमेरा लागला. २००४ सालीं मोठ्या हौसेनें घेतलेला तो कॅमेरा, घरांत मोबाइल फोन आल्यापासून, कोणी हातांतही धरला नव्हता. हल्लींच्या तरुण मंडळींना अशा जुन्या कॅमेऱ्यांची पुन्हां गोडी लागली आहे, हें मला ठाऊक नव्हतें. भाचीला मात्र मोठें घबाड सांपडल्यासारखें झालें. आंतलें जुनें कार्ड फारच लहान, म्हणून तें तिनें काढून टेबलावर ठेवलें, बाजारांत जाऊन चौसष्ट गिगाबाइटांचें नवें कोरें कार्ड आणलें, कॅमेऱ्यांत दोन पेन्सिल सेल घातले आणि कार्ड खांचेंत सरकवलें. कार्ड 'टक्' असा आवाज करून बेतशीर बसलें. भिंग कुरकुरत बाहेर आलें. आणि मागच्या चिमुकल्या पडद्यावर अक्षरें उमटलीं, कीं हें कार्ड चालणार नाहीं.

तिनें कार्ड काढून पुन्हां घातलें, फुंकर मारून घातलें, उत्तर तेंच. तेव्हां आम्ही दोघें कॅमेरा घेऊन एका दुकानांत गेलों. दुकानदारानें आपल्याजवळचें दुसरें नवें कार्ड घालून पाहिलें. पुन्हां तोच मजकूर. "साहेब, कॅमेरा गेला," तो म्हणाला, "आतां हा शोकेसमध्यें ठेवा." परतीच्या वाटेवर भाची म्हणाली, "मामा, वीस वर्षांनीं बिचारा उठला, आणि उठतांच मेला."

श्रोतेहो, आज मी जें सांगणार आहें तें एवढेंच, कीं तो कॅमेरा मेलेला नव्हता. तें कार्डही बिघडलेलें नव्हतें. दोघेही आपापल्या ठिकाणीं शाबूत होते. परंतु दोघांची भाषा एक नव्हती. आपणांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असा एखादा कॅमेरा असेल. कोणाच्या लग्नाच्या वेळीं घेतलेला, कोणाच्या पहिल्या अपत्याच्या वेळीं घेतलेला. तो टाकून देण्यापूर्वीं, आणि विशेषतः त्याच्या पोटांतील कार्डाला हात लावण्यापूर्वीं, दोन गोष्टी समजून घेणें अगत्याचें आहे. त्याच संध्याकाळीं आमच्या घरीं आणखी एक प्रकार घडला. तो मी शेवटीं सांगेन.

फिल्मच्या काळांत ही अडचण आपल्याला माहीत नव्हती. पस्तीस मिलिमीटर फिल्मची आपल्या परिचयाची नळी १९३४ सालीं कोडॅक कंपनीनें बाजारांत आणली. त्या नळीचें माप जगानें स्वीकारलें, आणि मग फिल्म कोणत्या कारखान्याची व कॅमेरा कोणत्या देशाचा, हा प्रश्नच उरला नाहीं. आजोबांच्या पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांत आज विकत घेतलेला रोल बसतो, आणि चित्रही उमटतें. फिल्मला कॅमेऱ्याशीं कांहीं बोलावें लागत नाहीं. तिनें फक्त उजेड झेलावयाचा असतो.

कार्डाची गोष्ट निराळी आहे. कार्ड म्हणजे कोरा कागद नव्हे. तो एक कारकून आहे. कॅमेऱ्यानें त्याला विचारावयाचें, "तुझ्याजवळ जागा किती? अमुक क्रमांकाच्या जागेवर काय आहे? हें चित्र कोठें ठेवूं?" आणि त्यानें उत्तर द्यावयाचें. हा संवाद दर छायाचित्राच्या वेळीं होतो. म्हणून कार्ड व कॅमेरा यांच्यांत तीन करार असावे लागतात. पहिला आकाराचा: कार्ड खांचेंत बसलें पाहिजे. दुसरा बोलण्याचा: प्रश्नोत्तरांची रीत दोघांना एकच ठाऊक पाहिजे. आणि तिसरा वहीचा: कोणतें चित्र कोठें ठेवलें आहे याची नोंद दोघांनाही एकाच पद्धतीनें लिहितां-वाचतां आली पाहिजे. पहिला करार डोळ्यांना दिसतो. उरलेले दोन दिसत नाहींत, आणि सगळी फसगत तेथेंच होते.

आपल्याकडे याला एक चांगला दाखला आहे. पुष्कळ जुन्या घरांतून मोडी लिपींतले दस्तऐवज आहेत. कागद आपल्या हातांत येतो. शाई स्वच्छ दिसते. भाषाही मराठीच असते. परंतु नातवाला तो वाचतां येत नाहीं. तो कागद खराब झाला, असें कोणी म्हणेल काय? फरक इतकाच, कीं तेथें नव्या माणसाला जुनी लिपी वाचतां येत नाहीं; आणि येथें जुन्या कॅमेऱ्याला नव्या कार्डाची लिपी ठाऊक नाहीं.

या कार्डांचा इतिहास फार मोठा नाहीं. वीज बंद झाली तरी लिहिलेलें जपून ठेवणारी 'फ्लॅश' नांवाची स्मृति जपानांत तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं शोधून काढली व १९८४ सालीं ती विद्वानांपुढें मांडली. पुढें १९९४ सालीं सॅनडिस्क कंपनीनें 'कॉम्पॅक्टफ्लॅश' कार्ड काढलें. १९९५ सालीं तोशिबाचें 'स्मार्टमीडिया' आलें. त्याच वर्षीं आलेल्या कॅसिओच्या एका लोकप्रिय कॅमेऱ्यांत तर काढतां येण्याजोगें कार्डच नव्हतें. आंतली दोन मेगाबाइटांची जागा शहाण्णव चित्रांनीं भरली, कीं तीं संगणकांत उतरवल्यावांचून गत्यंतर नसे. १९९८ सालीं सोनीनें 'मेमरी स्टिक' काढली. १९९९ सालीं मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा या तिघांनीं मिळून 'एसडी' कार्डाची घोषणा केली. २००२ सालीं ऑलिंपस व फुजीफिल्म यांनीं 'एक्सडी' कार्ड काढलें. दहा वर्षांच्या आंत पांच घराणीं उभीं राहिलीं, आणि एकाचें कार्ड दुसऱ्याच्या खांचेंत बसेना. शेवटीं एसडीचें घराणें घरोघरच्या कॅमेऱ्यांत रूढ झालें. सोनीनेंही २०१० पासून आपल्या कॅमेऱ्यांत एसडी कार्डाला जागा दिली.

आतां कोणी म्हणेल, सगळे एसडीवर आले तेव्हां तंटा मिटला. परंतु खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. एसडी कार्डाचा आकार आरंभापासून आजतागाइत तोच आहे: बत्तीस मिलिमीटर लांब, चोवीस रुंद, दोनांहून किंचित् जाड. आकार तोच ठेवून आंतली भाषा मात्र दोनतीनदां बदलली. पहिल्या एसडी कार्डाची मर्यादा दोन गिगाबाइटांची होती. ती अपुरी पडूं लागतांच २००६ सालीं 'एसडीएचसी' आलें. त्याची मर्यादा बत्तीस गिगाबाइट. २००९ सालीं 'एसडीएक्ससी'ची घोषणा झाली. तिची मर्यादा दोन टेराबाइट, म्हणजे दोन हजारांहून अधिक गिगाबाइट. २०१८ सालीं 'एसडीयूसी' ही त्याच्याही पलीकडची पायरी ठरवण्यांत आली. चारही भावंडें एकाच अंगलटीचीं; अंगरखा एक, टोपी एक. फरक फक्त कपाळावरील बारीक अक्षरांत.

या भावंडांत एक नियम आहे, तो लक्षांत ठेवला म्हणजे निम्मा घोटाळा टळतो. नव्याला जुनें समजतें. जुन्याला नवें समजत नाहीं. आजच्या कॅमेऱ्यांत वा संगणकांत वीस वर्षांपूर्वींचें एसडी कार्ड घातलें तर तें सामान्यतः वाचलें जातें. उलट, २००४ सालच्या कॅमेऱ्यांत आजचें कार्ड घातलें तर तो गोंधळतो. त्या बिचाऱ्याचा दोष तो काय? तो जन्मला तेव्हां ही भाषाच अस्तित्वांत नव्हती.

भाषेंतला फरक कोणता, तें एका साध्या उदाहरणानें सांगतों. एका कोठारांत धान्य भरलें आहे. जुना कोठावळा दाणा न् दाणा मोजतो. "दहा" म्हटलें कीं त्याच्या हिशेबीं दहावा दाणा. नवा कोठावळा पायलीनें मोजतो. "दहा" म्हटलें कीं त्याच्या हिशेबीं दहावी पायली. शब्द एकच, जागा मात्र भलतीच. पहिल्या एसडी कार्डांत प्रत्येक बाइटाचा, म्हणजे प्रत्येक दाण्याचा, क्रमांक सांगण्याची पद्धत होती. एसडीएचसीपासून पांचशें बारा बाइटांची एक पायली धरून तिचा क्रमांक सांगण्याची पद्धत आली. जुन्या कॅमेऱ्यानें नव्या कार्डाला जुन्या रीतीनें आज्ञा केल्या, तर एक चित्र दुसऱ्यावर लिहिलें जाऊन अनर्थ व्हावयाचा. तो होऊं नये म्हणून करार करणारांनीं एक शहाणपणाची तजवीज करून ठेवली आहे. नवें कार्ड आरंभींच पाहतें, कीं समोरच्या यंत्राला नवी रीत ठाऊक आहे काय. यंत्रानें तशी ओळख पटवली नाहीं, तर कार्ड "मी तयार आहें" असें म्हणतच नाहीं. तें मौन धरतें. आमच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरील तो मजकूर म्हणजे या मौनाचाच अर्थ होता.

तिसरा करार वहीचा. जुन्या कॅमेऱ्यांतील नोंदवहीची पद्धत 'फॅट सोळा' या नांवानें ओळखली जाते. एखाद्या चाळीच्या मालकानें नियम केला, कीं खोल्यांचे क्रमांक ६५,५३६ च्या पलीकडे जाणार नाहींत, कारण वहींतला रकानाच तेवढा. खोलीचा आकार बत्तीस किलोबाइटांहून मोठा करावयाचा नाहीं. आतां गुणाकार केला तर उत्तर येतें दोन गिगाबाइट. चाळीमागें कितीही मोकळें मैदान असो, त्या वहींत तें मावणार नाहीं. पुढें 'फॅट बत्तीस' ही रुंद रकान्यांची वही आली, ती एसडीएचसीनें घेतली. आणि एसडीएक्ससीनें 'एक्सफॅट' ही त्याहून निराळी वही पत्करली.

एवढें ध्यानीं आलें, कीं व्यवहाराचे नियम आपोआप सुचतात. आपला कॅमेरा हातांत घ्या आणि खांचेच्या झांकणापाशीं किंवा माहितीपुस्तकांत कोणतीं अक्षरें आहेत तीं पाहा. नुसतें 'एसडी' असेल, तर दोन गिगाबाइटांहून मोठें कार्ड घेऊं नये. आणि शक्य तर एक गिगाबाइटाचें घ्यावें. याचें कारण असें, कीं दोन गिगाबाइट भरविण्याकरितां करारांत मापाची एक खुबी वापरावी लागते, आणि कांहीं फार जुन्या यंत्रांना ती उमगत नाहीं. तीं दोनाचें एकच मोजतात. 'एसडीएचसी' असेल, तर चार ते बत्तीस गिगाबाइटांचीं कार्डें निर्धास्त घ्यावीं, आणि लहान एसडीही चालतील. २००६ पूर्वींच्या कॅमेऱ्यावर एसडीएचसी हीं अक्षरें असणें शक्यच नव्हतें. परंतु कांहीं कारखानदारांनीं मागाहून कॅमेऱ्याच्या आंतील आज्ञावली सुधारून दिली व कांहीं जुन्या कॅमेऱ्यांना नवी भाषा शिकवली. तेव्हां आपल्या कॅमेऱ्यापुरती तशी सोय झाली होती काय, हें कारखानदाराच्या माहितींत पाहून घ्यावें.

येथें तीन गैरसमज सांगून ठेवतों, कारण तिन्हींवर पैसे खर्च होतात.

पहिला गैरसमज खोळीचा. मोबाइल फोनांतील नखाएवढें 'मायक्रोएसडी' कार्ड एका खोळींत घालून एसडीच्या खांचेंत बसवतां येतें. पुष्कळांना वाटतें, कीं ही खोळ मध्यस्थी करून भाषांतर करते. तसें कांहीं नाहीं. खोळींत फक्त तारा आहेत. इकडचा संदेश तिकडे पोंचवणें एवढेंच तिचें काम. सोळा गिगाबाइटांचें कार्ड खोळींत घातलें तरी तें सोळा गिगाबाइटांचेंच राहतें.

दुसरा गैरसमज विभागणीचा. मोठ्या कार्डावर संगणकाच्या साहाय्यानें दोन गिगाबाइटांचा लहानसा विभाग पाडला, कीं जुना कॅमेरा फसेल, असें कित्येक सुचवतात. एसडीच्या बाबतींत ही युक्ति लागू पडत नाहीं. आपण वही लहान केली; परंतु कार्डाची बोलण्याची रीत तीच राहिली. मोडींत चार ओळींची चिठ्ठी लिहिली म्हणून मोडी न जाणणाराला ती वाचतां येत नाहीं.

तिसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. चौसष्ट गिगाबाइटांचें एसडीएक्ससी कार्ड एसडीएचसी कॅमेऱ्यांत कधींच चालणार नाहीं, असें सरसकट म्हणतां येत नाहीं. या दोघांची मोजण्याची रीत एकच, पायलीची. फरक मुख्यतः वहीचा. म्हणून असें कार्ड फॅट बत्तीस पद्धतीनें नव्यानें आंखून घेतलें, तर पुष्कळ एसडीएचसी यंत्रें तें स्वीकारतात. मात्र याची हमी करारांत नाहीं. लग्नकार्यासारख्या पुन्हां न येणाऱ्या प्रसंगीं अशा कार्डावर भिस्त ठेवूं नये.

इतर घराण्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. कॉम्पॅक्टफ्लॅशला दोन जाडी आहेत: एक तीन पूर्णांक तीन मिलिमीटरांची, दुसरी पांचांची. पातळ कार्ड जाड खांचेंत बसतें, जाड कार्ड पातळ खांचेंत बसत नाहीं. त्या खांचेच्या तळाशीं पन्नास बारीक सुया असतात. कार्ड तिरपें घालून जोर केला तर सुई वाकते, आणि मग खरोखरच कॅमेरा जातो. मेमरी स्टिकचेंही एसडीसारखेंच झालें: २००३ सालीं 'प्रो' प्रकार आला, तो आकारानें पहिल्यासारखाच असूनही जुन्या यंत्रांना परका ठरला. एक्सडीच्या मागाहून आलेल्या मोठ्या क्षमतेच्या प्रकारांची कांहीं आरंभींच्या कॅमेऱ्यांशीं अशीच ओळख पटत नाहीं.

स्मार्टमीडियाची तऱ्हा सर्वांत करुण. हें कार्ड जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. त्यांत कारकूनच नाहीं; नुसती कोठाराची खोली. हिशेब ठेवणारें डोकें कॅमेऱ्यांत. त्यामुळें कॅमेरा बनला त्या वेळीं जेवढी मोठी खोली कारखानदाराला ठाऊक होती, तेवढीच त्या कॅमेऱ्याला कळणार. आठ मेगाबाइट ओळखणारा कॅमेरा चौसष्टापुढें हतबुद्ध होई. शिवाय पांच व्होल्टांचीं आणि तीन पूर्णांक तीन व्होल्टांचीं अशीं दोन तऱ्हेचीं कार्डें. तीं ओळखावयाचीं तीं कापलेला कोपरा डावीकडे आहे कीं उजवीकडे, यावरून. १२८ मेगाबाइटांच्या पुढें हें घराणें गेलेंच नाहीं. ज्यांच्या घरीं असलीं कार्डें आहेत, त्यांनीं आजचें काम उद्यांवर टाकूं नये. कारण तीं वाचणारीं यंत्रें दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत.

आतां भाचीच्या प्रश्नाकडे वळूं. ती म्हणाली, "पण मामा, एक गिगाबाइटानं काय होणार?" प्रश्न रास्त होता, कारण आजच्या फोनांत शेंकडों गिगाबाइटांखेरीज कोणी बोलत नाहीं. आम्ही कागदावर हिशेब मांडला. आमच्या कॅमेऱ्याचें एक चित्र सुमारें दोन मेगाबाइटांचें. एक गिगाबाइटांत अशीं पांचशें चित्रें राहतात. छत्तीस चित्रांच्या फिल्मचे हे जवळजवळ चौदा रोल झाले. माझ्या स्वतःच्या लग्नांत एकंदर तीन रोल लागले होते, आणि तेही वडिलांना उधळेपणाचे वाटले होते. मोठ्या कार्डाची गरज मोठ्या कॅमेऱ्याला असते. लहान तांब्याला विहिरीएवढें पाणी लागत नाहीं.

असें लहान कार्ड मिळावयाचें कोठें, हा प्रश्न उरला. दुकानांतून आतां तीं क्वचितच दिसतात. परंतु आपल्या घरांतील खण एकदां उपसून पाहावे. पूर्वींच्या बटणांच्या मोबाइल फोनांत गाणीं ठेवण्याकरितां एक वा दोन गिगाबाइटांचीं मायक्रोएसडी कार्डें असत. तसलें कार्ड खोळींत घातलें, कीं जुन्या कॅमेऱ्याला तें आपल्याच काळचें, आपल्याच भाषेचें वाटतें. आमच्या शेजारणीच्या शिवणाच्या डब्यांत, बटणांच्या पुडींत, असें एक कार्ड निघालें, आणि त्यावर आमचें काम झालें. मात्र कार्ड मिळाल्यावर त्यांतला मजकूर आधीं दुसरीकडे उतरवून, मगच तें कॅमेऱ्याच्या स्वाधीन करावें, आणि आंखणी कॅमेऱ्यांतच करून घ्यावी. म्हणजे वही कॅमेऱ्याच्या हातची होते. आणखी एक बारीकशी गोष्ट: एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती खालीं सरकली, कीं कार्ड कुलूपबंद समजलें जातें. पुष्कळदां सगळा बिघाड म्हणजे ती पट्टीच असते.

आतां त्या संध्याकाळची हकीकत. दुकानांतून परत आल्यावर टेबलावरचें तें जुनें कार्ड भाचीनें उचललें. एकशें अठ्ठावीस मेगाबाइटांचें तें कार्ड. यांत कांहीं आहे का तें पाहूं, म्हणून तिनें तें कार्ड-वाचकांत घालून संगणकाला जोडलें. क्षणभरानें संगणकानें सांगितलें, कीं हें कार्ड वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावें लागेल, करूं काय? खालीं दोन बटणें. भाचीचें बोट 'होय'वर गेलें होतें. तिला वाटलें, कार्ड चालूं करण्याची ही कांहीं तरी रीत असावी. मीं तिचा हात धरला.

श्रोतेहो, 'फॉरमॅट' या शब्दाचा अर्थ घरांतील प्रत्येकानें समजून घ्यावा. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे. फॉरमॅट म्हणजे नोंदवही फाडून कोरी वही उघडणें. संगणकाला कार्ड वाचतां आलें नाहीं, कीं तो गृहीत धरतो, कीं यांत कांहींच लिहिलेलें नाहीं. ज्याला मोडी येत नाहीं त्यानें दस्तऐवज पाहून म्हणावें, "ह्या कागदावर नुसत्या रेघोट्या दिसतात, पुसून टाकूं काय?" — त्यांतलाच हा प्रकार. आपल्याला वाचतां आलें नाहीं म्हणजे लिहिलेलेंच नाहीं, असें होत नाहीं. अशा वेळीं उत्तर एकच: "नाहीं." चुकून "होय" म्हटलें गेलेंच, तर त्या कार्डावर पुढें एकही चित्र काढूं नये व तें तसेंच जाणकाराकडे न्यावें, वही फाटली तरी खोल्यांतलें सामान कांहीं काळ जागच्या जागीं असूं शकतें, आणि वर नवें सामान पडलें नाहीं तर तें पुष्कळदां हातीं लागतें.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर वीस पावसाळ्यांचा मळ बसला होता. मीं तो कोरड्या, मऊ फडक्यानें हलकेच पुसला. नंतर कार्ड पुन्हां संगणकाला न देतां, ज्या कॅमेऱ्यांतून काढलें होतें त्यांतच घातलें. जुन्या कार्डाला ओळखणारा त्याच्या जुन्या कॅमेऱ्याहून चांगला कोण? भिंग कुरकुरत बाहेर आलें, पडदा उजळला, आणि मजकुराच्या जागीं चित्र आलें.

तीं २००५ सालच्या दिवाळींतलीं छायाचित्रें होतीं. माझी आई स्वयंपाकघरांत पाटावर बसून सोऱ्यानें चकल्या पाडीत होती. कॅमेऱ्याकडे तिचें लक्षही नव्हतें. शेजारीं चार वर्षांची माझी भाची पिठाचे हात घेऊन उभी होती आणि ताटांतल्या एका वाकड्या चकलीकडे अभिमानानें बोट दाखवीत होती. आई २००९ सालीं गेली. तिचे घरांत लावलेले फोटो सगळे समारंभांतले, ताठ बसून काढलेले आहेत. ती कामांत असतांनाचें, आम्हांला आठवते तशी, एकही चित्र आमच्याजवळ नव्हतें. निदान आम्हांला तसें वाटत होतें. भाची पुष्कळ वेळ तो दोन बोटें रुंदीचा पडदा डोळ्यांजवळ धरून बसली. मग म्हणाली, "मामा, मी 'होय' म्हटलं असतं हो."

कॅमेऱ्याची जुनी तार डब्यांत होती. तिनें कॅमेरा संगणकाला जोडून आम्ही एकूण सत्तावन्न चित्रें उतरवून घेतलीं. आणि येथें एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. कार्डांच्या बाबतींत कारखानदारांनीं एकमेकांशीं वैर केलें, तरी चित्राच्या लेखनाबाबत त्यांनीं वेळींच एकी केली. चित्र साठवण्याची जेपेग पद्धत १९९२ सालीं प्रमाण ठरली. चित्रें कोणत्या नांवाच्या कप्प्यांत, कशा नांवानें ठेवावयाचीं, याचा करार जपानी उद्योगांनीं १९९८ सालीं केला, आणि आजही नव्यांतल्या नव्या कॅमेऱ्यांत तोच कप्पा असतो. म्हणून भांडें जुनें असलें तरी आंतलें दूध नासत नाहीं. एकदां चित्र कार्डांतून बाहेर निघालें, कीं तें आजच्या कोणत्याही यंत्रावर दिसतें.

परंतु तें बाहेर निघालें पाहिजे. कार्ड ही तिजोरी नव्हे. ती पालखी आहे. चित्र एका जागेहून दुसऱ्या जागीं नेणें एवढेंच तिचें काम. त्यांतील अक्षरें म्हणजे सूक्ष्म कोंडलेली वीज आहे, आणि ती वर्षानुवर्षें हळूहळू झिरपत असते. आमचें कार्ड वीस वर्षें टिकलें हें आमचें भाग्य. तो नियम समजूं नये. म्हणून ज्यांच्या कपाटांत असे कॅमेरे आहेत त्यांनीं या आठवड्यांतच ते काढावेत. आंत विसरलेले सेल असतील तर ते प्रथम बाहेर काढावेत, कारण त्यांतून पाझरणारा क्षार कॅमेऱ्याचा काळ ठरतो. कार्डांतील चित्रें दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून ठेवावीं. आणि त्या कॅमेऱ्याला चालणारें लहान कार्ड, त्याची तार व माहितीपुस्तक, हीं सर्व एकाच पिशवींत, कॅमेऱ्याबरोबर ठेवावीं. कुलुपाबरोबर किल्ली ठेवावी, हें आपल्या आजीबाईंना सांगावें लागत नसे.

भाची परत जातांना तो कॅमेरा घेऊन गेली. चौसष्ट गिगाबाइटांचें कार्ड तिनें आपल्या फोनाकरितां ठेवलें असतें, पण तें फोनाच्या खांचेंत बसेना. तेव्हां तें माझ्या खणांत पडलें आहे. त्याला समजणारा कॅमेरा कधीं तरी घरांत येईल. तोंपर्यंत त्याच्या डबीवर मीं एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे: "चांगलें आहे. जुन्या कॅमेऱ्यांत चालत नाहीं."